पाच नंबरची काच

२२ ऑक्टोबर २०२२, शनिवार

चौदा नंबर कुठेच नाही! गुरुदत्त आज कामावरून येताना एमआयडीसीतल्या ओळखीच्या तीन कारखान्यांत विचारून आला. वेल्डिंगवाले अकराच्या वर वापरतच नाहीत म्हणे. "चौदाच्या काचेतून आम्हाला हातातलं कामसुद्धा दिसणार नाही," असं त्याचा फोरमन म्हणाला. आणि सूर्याला चौदाच लागतो. मंगळवारी ग्रहण. मी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर करून बसलेय - सर्व मुलांनी साडेचारला गच्चीवर यावे. तोंड वर करून सांगितलंय, आता काच नाही म्हणून कसं सांगू?

मग आमच्या वेल्डर साहेबांनीच, गुरुदत्तनेच, डोकं चालवलं. गॅस कटिंगची पाच नंबरची काच आणि वेल्डिंगची नऊ नंबरची, एकावर एक. पाच नि नऊ चौदा. त्यांच्याकडची जुनी माणसं गरज पडली की असंच करतात. मी विज्ञानाची शिक्षिका, हे मला सुचायला नको होतं? आठ जोड्या आणल्यात. संध्याकाळभर बसून खाकी पुठ्ठ्यात बसवल्या, कडेने काळी टेप लावली. त्याने प्रत्येक जोडी दिव्यासमोर धरून तपासली. काही दिसलं नाही की खूश.

सासूबाई चकलीचं पीठ मळता मळता बघत होत्या. "अगो, गिराण लागल्यावर आम्ही दारं लावून घ्यायचो. तू पोरांना वर घेऊन चाललीस." मी म्हटलं, आई, सूर्य रोजचाच असतो, त्या दिवशी काही वेगळं विष सोडत नाही. त्या म्हणाल्या, "बरं बाई."

त्यांचं "बरं बाई" मला शिवीपेक्षा झोंबतं.

२३ ऑक्टोबर, रविवार

दुसऱ्या मजल्यावरची सोनिया किर्तीला पाठवायला तयार नाही. नवरा दुबईला, पोर एकुलती एक, आणि तिच्या आईने फोन करून घाबरवलंय. खाली पार्किंगमध्ये चार बायका होत्या. मी त्यांच्यासमोरच म्हटलं - "सोनिया, तू बीकॉम झालीस ना? मग असं अडाण्यासारखं काय करतेस?" ती लाल झाली. म्हणाली, "पाठवते गं. तू आहेस ना तिथे."

जिंकले. किर्ती हुशार आहे, सहावीत, सांगितलेलं अक्षर न् अक्षर ऐकते. अशीच मुलं हवीत वर.

२४ ऑक्टोबर, सोमवार

पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी लक्ष्मीपूजन, एकाच दिवशी सगळं. पाय मोडले. उद्याचा दिवस मधेच मोकळा. ग्रहणामुळे पाडवा परवावर गेला.

२५ ऑक्टोबर, मंगळवार - संध्याकाळी

झालं! मस्त झालं. चौदा मुलं आली. मला वाटलं होतं चार येतील.

टाकीजवळ मोहरीचा दाणा ठेवला - ही पृथ्वी. तेवीस मीटरवर, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, कलिंगड - हा सूर्य. मुलं दाणा शोधत बसली, सापडेना. मी म्हटलं, बघा, सूर्यावरून आपण इतके दिसतो. असे तेरा लाख दाणे त्या कलिंगडात मावतील. पंधरा कोटी किलोमीटर, उजेड यायला आठ मिनिटं वीस सेकंद. कुणी तरी विचारलं, सूर्य विझला तर? मी म्हटलं, आठ मिनिटं कळणारसुद्धा नाही, आपण फराळ करत असू.

चंद्र सूर्यापेक्षा चारशे पट लहान आणि चारशे पट जवळ, म्हणून दोघं सारखे दिसतात, म्हणून हा त्याला झाकू शकतो. हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. दर वेळी येतो. पाचला दहा कमी असताना खालच्या बाजूला पहिला चावा दिसला आणि सगळी पोरं ओरडली. शेवटी सूर्य तसाच अर्धवट, इमारतींच्या मागे गेला. मुख्याध्यापिका मॅडमना व्हिडिओ पाठवला. त्यांचा लगेच अंगठा आला, आणि "शाळेतही करू या" असं.

मधे जरा गडबड झाली होती. काचा आठ, मुलं चौदा. असो. निभावलं.

सासूबाई दार लावून जप करत होत्या. मी आंघोळ न करता चहा घेतला.

२६ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी सोनियाकडून हाक. तिचा भाऊ सहकुटुंब आलेला, भाऊबीज. किर्ती मामेभावाला ओवाळत होती. कुंकू कपाळाला लावायचं तर भुवईवर लावलं. सगळे हसले. पुन्हा लावलं, पुन्हा बाजूला. मग म्हणाली, "मम्मी, याच्या तोंडावर मधेच डाग आहे. हलतच नाही."

मी गेले तेव्हा ती एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. डावा झाकला की तारखेचा आकडा नाहीसा. उजवा झाकला की सगळं बरोबर. दुखतं का? नाही. पाणी येतं का? नाही. कालपासून आहे का? "काल रात्री पण होता, मला वाटलं जाईल."

सोनियाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काही नसेल, फटाक्यांचा धूर असेल.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

उल्हासनगरला डोळ्यांचे डॉक्टर आहेत, डॉ. मुकेश. सणातही दवाखाना उघडा होता. मी, सोनिया, किर्ती रिक्षाने गेलो. किर्ती मधे बसली होती आणि सारखी एक डोळा झाकून दुकानांच्या पाट्या वाचत होती. सोनिया तिचा हात खाली करायची. ती पुन्हा वर न्यायची.

डोळ्यांत थेंब घातले, तासाभराने पडद्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर दाखवला. उजव्या डोळ्याच्या बरोबर मधे बारीक खाच. "सूरज देखा था?" विचारलं. मग मराठीत समजावलं. लहानपणी भिंगाने कागद जाळता ना, डोळ्यातही भिंगच आहे, आणि मागचा पडदा म्हणजे कागद. पडद्याला दुखायची नसच नाही. म्हणून जळत असताना कळत नाही.

हे मला माहीत आहे. हे मी मुलांना शिकवते!

औषध नाही. इंजेक्शन नाही. थांबायचं. बऱ्याच जणांचं तीन ते सहा महिन्यांत भरून येतं. काहींचा ठिपका राहतो, तो कायमचा. बारीक चौकटींचा एक कागद दिलाय, मधे टिंब. रोज एकेका डोळ्याने बघायचं आणि नाहीशा झालेल्या चौकटी मोजून लिहायच्या.

मग डॉक्टरांनी विचारलं, "ग्लास कौन सा था? नंबर?"

मी म्हटलं, "चौदा."

सोनिया माझ्याकडे बघत होती. डॉक्टर म्हणाले, "चौदा से तो नहीं होना चाहिए. काच में कुछ गड़बड़ होगी." मी मान हलवली. हो, असेल.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

किर्तीच्या कागदावर आज अकरा चौकटी नाहीत.

लिहून टाकते. इथे तरी लिहू दे.

पाच वाजून गेले होते. मुलं काचांवरून भांडायला लागली. किर्ती गुमान मागे उभी, तिची पाळी येईना. मी एका जोडीची टेप नखाने काढली. नऊ नंबरची एका मुलीला दिली, तिने क्षणभर बघून परत केली. पाचची किर्तीला दिली. मला माहीत होतं कोणती कोणती - पाचची हिरवट असते, आरपार खिडक्या दिसतात. मी म्हटलं, सूर्य खाली आलाय, एक मिनिट बघायचंय, काय होतंय. मला माहीत होतं.

नंतर टेप परत लावून ठेवली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

२९ ऑक्टोबर, शनिवार

अकरा.

३० ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते मी बघायला नको होतं.

गुरुदत्त सकाळपासून आठही जोड्या घेऊन बसला होता. एकेक टेप सोडवून काच धुतली, उजेडात धरली, ओरखडे शोधले. माझ्यासमोर. कारखान्यात जुन्या खोक्यातल्या काचा होत्या, कुणी तरी नंबर चुकीचा मारला असेल, असं त्याच्या मनाने घेतलंय. इंटरनेटवर वाचलं तर म्हणे दोन काचा जोडल्या की बेरजेतून एक वजा करायचा. पाच नि नऊ तेराच. "एक नंबर कमी पडला, हिमानी. माझ्या एका नंबरामुळे पोरीचा डोळा गेला." मी म्हटलं, एका नंबराने काही होत नाही. तो म्हणाला, मग कशाने झालं?

मी कांदे चिरत होते. चिरत राहिले.

दुपारी तो खाली गेला. मी मागोमाग. सोनियाने दार उघडलं आणि हा वाकला. खरंच पाया पडला तिच्या, आठ-दहा वर्षांनी लहान बाईच्या. "वहिनी, काचा मी आणल्या. चूक माझी आहे." ती मागे सरकली. "अहो भाऊजी, उठा, असं काय करता," म्हणाली. आणि त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मी चपलांच्या रॅकला धरून उभी होते.

तेव्हा बोलायला हवं होतं.

२ नोव्हेंबर, बुधवार

ग्रुपवर आता नवीनच सुरू झालंय. पहिल्या मजल्यावरच्या काकू लिहितात - ग्रहणाचा दोष आहे, काचेचं काय घेऊन बसलात. अमावास्या, त्यात दिवाळीतलं ग्रहण. शांत करून घ्या. खाली सोळा हात जोडलेले.

दोन आठवड्यांपूर्वी मी यावर पानभर लिहिलं असतं. ग्रहणातले किरण रोजचेच असतात, उलट कमी असतात. फरक इतकाच की रोज आपण सूर्याकडे टक लावून बघत नाही. हे सगळं टाइप केलं. मग पुसलं.

खरं सांगू? मला बरं वाटलं. ग्रहणाने केलं तर ग्रहणाने केलं. गुरुदत्तवरचं ओझं तरी उतरेल. आणि माझ्याकडे कुणी बघणार नाही. विज्ञानाची शिक्षिका! थू.

५ नोव्हेंबर, शनिवार

ग्रहणाची शांत झाली. सोनियाकडेच, गुरुजी कुळगावहून आले होते. मी गेले. नारळ घेऊन गेले, सोवळ्यातला नैवेद्य करायला मदत केली. सूर्याच्या नावाने आहुत्या पडत होत्या आणि मी तूप पुढे सरकवत होते. सोनियाचा या सगळ्यावर विश्वास होता असं नाही वाटलं. ती होमाकडे बघतच नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती.

किर्ती माझ्याशेजारी येऊन बसली. "काकू, सूर्याचा मधला भाग किती गरम असतो?" मी म्हटलं, दीड कोटी अंश. "आणि वरचा?" साडेपाच हजार. "मग मला वरचाच लागला ना?" ती विनोद करत होती. मी उठून आत गेले आणि पाणी प्यायले.

सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "तू कधीपासून होमाला बसायला लागलीस?" मला वाटलं टोमणा. पण त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. "काय खातंय तुला? जेवत नाहीस." मी म्हटलं, पित्त झालंय. त्यांनी आमसुलाचं सार केलं. मला इतकं रडू आलं की मी बाथरूमचा नळ सोडला.

८ नोव्हेंबर, मंगळवार

आज चंद्रग्रहण. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी बघितलं तरी चालतं, काही होत नाही. मी दार लावून बसले.

किर्ती - दहा चौकटी.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळा सुरू झाली. मॅडमनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर कौतुक केलं, माझा व्हिडिओ दाखवला. मी तो त्या दिवसानंतर बघितलाच नव्हता. मुलं हसतायत, मी बडबडतेय, "बघा, बघा, किती सुंदर चावा." आणि कडेला, टाकीजवळ, किर्ती. हातात एकच काच. व्हिडिओ चार मिनिटांचा आहे. चारही मिनिटं तिचा हात खाली आलेला नाही.

मॅडम म्हणाल्या, "ती बघ कशी तल्लीन झालीये."

१३ नोव्हेंबर, रविवार

सातवा तास असल्यासारखं डोकं भणभणतंय, आणि आज तर सुट्टी आहे.

गुरुदत्त जेवत नाही नीट. काल फोरमनला म्हणाला, मला वेल्डिंगवरून काढा, ग्राइंडिंगला द्या. का? तर काचेवर भरवसा राहिला नाही. अठरा वर्षं वेल्डिंग केलंय त्याने. सासूबाईंनी मला विचारलं, याला काय झालंय, तू समजाव. मी समजावलं! मी त्याला समजावलं की असं मनाला लावून घेऊ नये.

सोनियाने अजून विनीतला सांगितलेलं नाही. दुबईहून तो रोज व्हिडिओ कॉल करतो. तिने मला सांगितलं, किर्ती आता मोबाइल जरा बाजूला धरून बोलते, म्हणजे पप्पांचं तोंड दिसतं. हे ती अगदी सहज सांगत होती. भाजी निवडत.

तसंही उपचार नाहीतच. मी खरं सांगितलं तर एक चौकट तरी परत येणार आहे का? रोज हेच म्हणते स्वतःला. पटत नाही, तरी म्हणते.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

पूर्ण लिहिलं नव्हतं मी. इथेही.

किर्तीला काच देताना मी म्हटलं होतं - "एक मिनिट. मी 'बस' म्हणेन, तेव्हाच खाली घ्यायची." सांगितलेलं ऐकणारी मुलगी, म्हणून तर तिला दिली. दुसऱ्या कुणाला दिली असती तर अर्ध्या मिनिटात कंटाळून टाकली असती.

मग मॅडमसाठी व्हिडिओ काढायला वळले. आणि विसरले. 'बस' म्हणायचं विसरले. व्हिडिओ संपल्यावरही मी दुसऱ्या मुलांनी काढलेल्या ग्रहणाच्या चित्रांत रमले. दहा मिनिटं तरी गेली असतील. ती उभीच. तिच्या डोळ्यांपुढे चमकत असणार, पाणी आलं असणार, पण काकूंनी सांगितलं नाही ना अजून.

शेवटी तिनेच विचारलं, "काकू, बस का?" मी मागे न बघता म्हटलं, "हो हो, बस."

१९ नोव्हेंबर, शनिवार

गुरुदत्तला सांगितलं.

सकाळी चहाच्या वेळी. सासूबाई देवपूजेला बसल्या होत्या. सगळं सांगितलं, टेप, पाच नंबर, व्हिडिओ. एका दमात. तो कपाकडे बघत होता.

आधी म्हणाला, "म्हणजे काचा बरोबर होत्या?"

मी म्हटलं, हो.

त्याचा चेहरा सुटला. खरंच सुटला, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा. आणि मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं. "मी त्या बाईच्या पाया पडलो, हिमानी." हो. "तू मागे उभी होतीस." हो. "पंचवीस दिवस मी रोज..." कप ठेवला, शर्ट घातला, बाहेर गेला. नदीपर्यंत चालत गेला असावा, पँटला खाली माती होती. दोन तासांनी आला.

ओरडला असता तर बरं झालं असतं. आल्यावर एवढंच म्हणाला, "उद्या खाली जा. मी येणार नाही. एकटी जा."

सासूबाईंनी देवघरातून सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डोळा भाजला तो भाजला. पण पोरगा माझा झुरत होता गो." मी खाली मान घालून ऐकलं. त्यांनी दुपारी माझं ताट वाढलं, नेहमीसारखं.

काय बोलायचं ते लिहून काढलं. तीनदा खोडलं. ती दारातून हाकलेल. विनीतला सांगेल, शाळेत सांगेल, नोकरी जाईल. किर्ती मला काकू म्हणणार नाही. होऊ दे. उद्या दहाला जाते.

२० नोव्हेंबर, रविवार

गेले. किर्ती क्लासला गेली होती. सोनियाने दार उघडलं, मी चपला न काढताच सुरुवात केली, "सोनिया, त्या दिवशी ती जोडी मी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "किर्तीने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. टेप काढली ते, आणि बस म्हणायचं राहिलं ते. डॉक्टरांना मी फोन करून पाच नंबर कळवला. विनीतला सांगितलं नाही, तो येऊन तुला मारेल म्हणून. किर्तीला म्हटलं, काकू स्वतः येऊन सांगतील, तोपर्यंत आपण गप्प बसायचं. ती रोज शाळेतून आल्यावर विचारायची, काकू आल्या होत्या का?"

मी चपला काढायला वाकले.

"परवापासून विचारायची बंद झाली," सोनिया म्हणाली, आणि दार लावून घेतलं.